पहिले पंधरा सेकंद

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट’ रोबो स्पर्धेत शाळकरी मुलांचे तीन-तीन संघ एका बाजूने खेळतात. प्राथमिक फेरीत भिडू कोण, हे वेळापत्रक ठरवते. २०२५ च्या हंगामात पहिले १५ सेकंद रोबोने आपल्याच प्रोग्रॅमवर चालायचे होते. रिमोटला हात लावायचा नाही. मैदानातले सगळे रोबो आरंभरेषा सोडून निघाले आणि निदान एक नळी जागेवर बसली, तर क्रमवारीचा जादा गुण. एक जरी ठोकळ्यासारखा उभा राहिला, की तिघांचाही गुण गेला!

म्हणून अनुभवी संघातली मुले नवख्यांच्या टेबलाशी जाऊन आपला कोड देतात. ही कॉपी नव्हे का? मलाही आधी तसेच वाटले. पण उसना कोड जसाच्या तसा चालत नाही. चाकाचा व्यास, गिअरचे गुणोत्तर, मोटर फिरण्याची दिशा, सारे वेगळे. आकडे बदलले नाहीत तर मीटरभर जायचा रोबो दोन मीटर जाऊन कठड्यावर आदळतो. शिवाय त्या हंगामाचा नियमच होता, की आधी लिहिलेला कोड वापरायचा तर तो सर्वांना खुला हवा.

माझी तक्रार एकच. देणारा घाईघाईने सगळे स्वतःच टाइप करतो, नवखा नुसता बघत राहतो. कीबोर्ड त्याच्याच हाती हवा. अर्थात, पुढचा सामना तोंडावर आलेला असताना एवढा धीर कोणाला असतो म्हणा!