लॅपटॉपची पारख : कोकणच्या हवेत टिकणारे यंत्र



धान्याचा दाणा दाताखाली फोडून पाहणारा आणि कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा व्यापारी लॅपटॉप घेताना मात्र चकाकीवर व सवलतीच्या आकड्यावर विसंबतो. ज्या यंत्राच्या पोटात दुकानाचे अवघे हिशेब राहणार, त्याची पारख एवढ्या घाईने का व्हावी? वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 रोजी लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात. म्हणजे चोपडी सहा वर्षे जिवंत हवी आणि ती ज्यात लिहिली ते यंत्र तिसऱ्याच वर्षी मान टाकणार, हा व्यवहार आतबट्ट्याचा. 40,000 रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे चालला तर वर्षाला 13,000 हून अधिक रुपये पडले; 60,000 चा आठ वर्षे टिकला तर 7,500. स्वस्त कोणता, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

टिकाऊपणाचे मर्म वेगात नसून दुरुस्तीयोग्यतेत आहे. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. काहीशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची धारणाशक्ती घटणारच. म्हणून ती स्क्रू काढून सहज बदलता येते का, आणि त्या मॉडेलची अस्सल बॅटरी आणखी चार-पाच वर्षांनी मिळण्याची शक्यता किती, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न रॅमचा. अलीकडच्या पातळ, देखण्या यंत्रांत ती मुख्य बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते. मागाहून वाढवू म्हटले तर वाढत नाही. अशा यंत्रात आरंभीच 16 जीबी रॅम घ्यावी, अन्यथा मोकळा स्लॉट असलेले यंत्र निवडावे. साठवणुकीची एसएसडी सुटी असावी. बोर्ड बिघडला तरी ती काढून दुसऱ्या यंत्रात वाचण्याची आशा राहते. मात्र एसएसडीवर कूटबंधन असेल तर त्याची किल्ली जपून लिहून ठेवलेली हवी.

मग बिजागरी. झाकण अनेकदा हळूहळू उघडून-मिटून पाहावे. कडेचे प्लास्टिक उचलत असेल अथवा करकर ऐकू येत असेल, तर ते यंत्र ठेवून द्यावे. स्वस्त लॅपटॉप बहुधा येथेच मोडतात. अंगावर लष्करी मानकाचा, एमआयएल-एसटीडी-810 चा, उल्लेख असतो. तो वाचून भारावून जाऊ नये. कोणत्या चाचण्या करावयाच्या हे उत्पादकच ठरवितो.

लेनोवोचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक, डेलचा लॅटिट्यूड (2025 पासून डेल प्रो या नावाने) या कचेऱ्यांसाठी बनविलेल्या श्रेणी आहेत. त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका उघडपणे उपलब्ध असतात व सुटे भाग तुलनेने दीर्घकाळ मिळतात. याच श्रेणीतील वापरलेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. परंतु तेथे प्रोसेसरची पिढी विचारावी. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. टॅली मूलतः विंडोजसाठीच असल्याने सातव्या पिढीचे सुस्थितीतील यंत्रही हिशेबाच्या कामी महागच पडते.

हमीविषयी विक्रेत्याला एकच प्रश्न स्पष्ट विचारावा : दुरुस्तीचा माणूस तुडीलच्या पिनकोडवर येणार, की यंत्र मुंबई-पुण्याला पाठवावे लागणार? वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद असतो. पुण्याच्या सेवाकेंद्राचा पत्ता तेव्हा फारसा उपयोगी पडत नाही.

हवेचा विचार पुणे-मुंबईच्या जाहिरातींत नसतो. महाड-पोलादपुरात आषाढ-श्रावणात पापड सादळतात, चामड्याला बुरशी येते. तीच दमट हवा लॅपटॉपच्या आतही शिरते. कपाटात दोन-दोन महिने बंद ठेवलेला लॅपटॉप अधिक धोक्यात असतो, कारण चालू यंत्राची ऊब ओल काही प्रमाणात हटविते. आठवड्यातून दोनदा तरी तो तासभर चालवावा. वीज कमी-जास्त होत असल्यास अस्सल अडॅप्टर आणि अर्थिंग असलेला तीन पिनी सॉकेट हवाच. मृगाआधीच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणे हे कोणत्याही महागड्या उपकरणाहून अधिक भरवशाचे.

तरीही एका संकटापुढे उत्तमातले उत्तम यंत्र निरुपाय ठरते. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. त्या पाण्यात कागदी चोपड्या व संगणक एकाच न्यायाने गेले. म्हणून खरेदीच्या अंदाजपत्रकातच दोन बाह्य डिस्कांचा खर्च धरावा. एक घरी उंच फळीवर आणि दुसरी मुंबईच्या किंवा पुण्याच्या नातलगाकडे, दर तिमाहीला अदलाबदल करून. दिवाळीच्या वहीपूजनाला सर्व पेढी एकत्र येतेच; त्या दिवशी डिस्क जोडून गतवर्षीचे एखादे बिल खरोखरच उघडते का, हे पाहावे.