बंद करून चालू करण्यापूर्वी

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काय, हे जव्हार-मोखाड्यात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा लागला नाही, दाखल्याचा अर्ज पुढे सरकला नाही, की हेच उत्तर मिळतं. पाड्यावरून चालत आलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. दोष कधी रेंजचा असतो, कधी कष्टाने झिजलेल्या बोटांचा; खापर मात्र सर्व्हरवर फुटतं. पण कधीकधी दुखणं खरोखर तिथेच असतं. तेव्हा आत काय नोंदलं जातं, ते आज पाहू.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घ्या. हा डेटाबेस आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी मेमरीतच ठेवतो आणि २००५च्या आवृत्तीपासून त्या क्वेरी लिहून वाचता येतात. या जागेला रिंग बफर म्हणतात. रहाटाला गाडगी मोजकीच असतात. फेरा पुरा झाला की पहिलं पुन्हा भरतं, तसंच हे. प्रोसेसरवरच्या भाराची नोंद मिनिटाला एक, अशा २५६. म्हणजे जेमतेम सव्वाचार तास. सकाळी दहाचा घोळ दुपारी तीनला शोधायला बसलात, तर नोंद पुसलेली असते. हे सगळं डिस्कवर का लिहीत नाहीत? डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद. धाप लागलेल्या यंत्रावर आणखी लिखाण लादणं परवडत नाही.

आता एकच नोंद जवळून बघा. डेटाबेसचा वापर १२ टक्के, प्रोसेसर रिकामा ३ टक्के. उरलेले ८५ टक्के कुणी खाल्ले? त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने. बॅकअप असेल, अँटिव्हायरस असेल. डेटाबेस निर्दोष सुटला! वेळ मात्र घड्याळाची नसते, यंत्र सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांत असते. आत्ताच्या आकड्यातून ती वजा केली आणि ५४,००,००० उरले, तर ती घटना दीड तासापूर्वीची. एवढी वजाबाकी आपल्या शाळेतलं पोर करील.

ओरॅकलने २००३च्या टेन-जी आवृत्तीत याहून बारीक सोय केली. दर सेकंदाला कोण काम करतंय, कोण कशासाठी खोळंबलंय, हे मेमरीत टिपलं जातं आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा डिस्कवर जातो. मला ही तडजोड जास्त शहाणपणाची वाटते.

कारण आपल्याकडचा रामबाण उपाय ठाऊक आहेच: बंद करून चालू करा. गाडी सुरू होते, साहेब खूश होतात, आणि मेमरीतला पुरावा त्याच क्षणी जातो. पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला, तरी तेच. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२च्या आवृत्तीपासून ‘सिस्टम हेल्थ’ नावाची नोंदणी आपोआप फाइलमध्येही जाते, म्हणून रीस्टार्टनंतरही थोडं हाती लागतं. पण त्या फायलींनाही आकाराची मर्यादा आहे. जुन्या खोडून नव्या लिहिल्या जातात. तेव्हा तुमच्यापैकी जो कुणी उद्या एखाद्या कार्यालयात सर्व्हर सांभाळायला बसेल, त्याने रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं मागून घ्यावीत आणि त्या २५६ ओळी दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवाव्यात. बाहेर रांग ओरडत असली, तरीही.