आकाशातील डोळा आणि भिंतीवरची रेघ



शाळा आम्ही लवकर सोडली. जे शिकलो ते हमालांच्या सभांत आणि रात्री दिव्याखाली. रडारसारख्या विषयावर आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सांगलीच्या पुरात आहे.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर आम्ही एका गल्लीतील हमालांची यादी घेऊन एका कचेरीत गेलो. साहेबांनी उपग्रहावरून केलेला नकाशा उलगडला आणि म्हणाले, "ही गल्ली तर कोरडी दिसते." गल्लीतल्या भिंतींवर छातीइतकी उंच चिखलाची रेघ होती! नकाशा असा कसा चुकतो, हे समजण्यासाठी आम्ही वाचू लागलो.

पावसाळी ढगांत साधा कॅमेरा आंधळा होतो. रडार स्वतः लहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकते. त्याला ढग आडवे येत नाहीत आणि रात्रही नाही. शेतातले संथ पाणी आरशाप्रमाणे लहरी पलीकडे परतवते, म्हणून चित्रात काळे दिसते. शहरात घोटाळा होतो. पाण्यावरून उसळलेली लहर भिंतीवर आपटून पुन्हा उपग्रहाकडे येते, आणि पाणी असूनही जागा उजळ दिसू शकते. शिवाय रडार अंतर मोजते. उंच इमारतीचा माथा पायापेक्षा उपग्रहाला जवळ. म्हणून चित्रात ती पुढच्या रस्त्यावर कलंडते. गच्ची, भिंत, रस्ता सारे एकाच ठिपक्यात कोंबले जाते.

हा गुंता कसा सोडवावा? मिरजेच्या इस्पितळांत सी.टी. स्कॅन आपण पाहिला असेल. अनेक बाजूंनी चित्रे घेऊन शरीराचे थर वेगळे करतात. तसाच उपग्रह एकाच शहरावरून किंचित वेगळ्या वाटांनी अनेकदा जातो. त्या प्रतिध्वनींतला सूक्ष्म फरक जुळवला, की कोणता किती उंचीवरून आला हे गणिताने काढता येते. जर्मनीने तर २०१० पासून दोन उपग्रह शेजारी शेजारी फिरवून पृथ्वीच्या उंचसखलपणाचा नकाशा केला. भारत-अमेरिकेचा 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. दर १२ दिवसांनी त्याच जागी येऊन जमीन किती सरकली हे मोजणे, हे त्याचे मुख्य काम.

परंतु अनेक खेपांना वेळ लागतो, आणि पूर कोणासाठी थांबत नाही. म्हणून शहराच्या उंचीचा नकाशा उन्हाळ्यातच तयार हवा. कराडला कोयना कृष्णेला मिळते. तेथून पाणी खाली निघाले, की पुलावरचा आकडा पाहून काकानगर-दत्तनगरात कोणाच्या उंबऱ्याला पाणी लागेल, याचा अंदाज आधीच सांगता येईल.

आमची मागणी एवढीच: तो नकाशा कचेरीच्या कपाटात न ठेवता चौकात लावा, आणि गल्लीतल्या माणसाला भिंतीवरची रेघ त्यावर नोंदवू द्या. आकाशातील डोळा थोर खरा. पण ज्याच्या घरात पाणी शिरले त्याची साक्ष घेतल्यावाचून तो डोळा पुरा होत नाही.