विकलांग श्रद्धा

आपल्या जबलपूरचे हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई हे नागपूर विद्यापीठाचे एम. ए., म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या नात्याने आपल्या घरचेच. त्यांना 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'विकलांग श्रद्धा का दौर' या पुस्तकासाठी. आज त्या नावातल्या पहिल्या शब्दाविषयी बोलायचं आहे.

हा शब्द दवाखान्यातला, डॉक्टरांच्या दाखल्यावरचा. दाखल्यात अपंगत्वाचे टक्के लिहितात, आणि ते चाळीसच्या वर की खाली यावर राखीव जागा नि सवलती ठरतात. असा कागदोपत्री शब्द परसाईंनी श्रद्धेला लावला. निमित्त त्यांच्या मोडलेल्या पायाचं. पाय मोडला आणि लोक त्यांच्या पाया पडू लागले! तुटक्या पायामुळे उपजलेली ही श्रद्धा, तिलाच त्यांनी विकलांग म्हटलं. विशेषण कुठे बसलं ते पाहा. पाय त्यांचा स्वतःचा, पण उणेपण त्यांनी पायाला चिकटवलं नाही, वाकणाऱ्याच्या भावनेला चिकटवलं. म्हणून तो शब्द कुणालाही न दुखवता नेमका लागतो.

आपण मात्र सर्रास म्हणतो, 'पांगळं सरकार', 'लंगडी सबब', 'बहिरं प्रशासन'. कचेरीत फाइल महिनोन्‌महिने जागची हलत नाही, तेव्हा ती अडवणाऱ्याचे दोन्ही पाय धडधाकट असतात. त्याच कचेरीच्या दाराशी एखादा माणूस तीनचाकी सायकल उभी करतो, तळहात टेकत एकेक पायरी चढतो, आणि खिडकीशी पोचल्यावर ऐकतो की साहेब जेवायला गेलेत. त्या कारभाराला पांगळं म्हटलं तर कारभाराला काहीच लागत नाही. लागतं ते पायऱ्या चढून आलेल्या माणसाला, ज्याने त्या दिवशी सर्वांत जास्त कष्ट घेतले.

2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाविषयी निकाल देताना हिणवणाऱ्या शब्दांवर बोट ठेवलं. त्याच्या कितीतरी आधी सरकारी कागदांवर विकलांगचं 'दिव्यांग' झालं होतं. नाव बदललं हे ठीक, पण मला त्याहून पायऱ्यांशेजारचा उतार महत्त्वाचा वाटतो.

कुणी विचारेल, मग 'अंधश्रद्धा' या शब्दाचं काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या समितीच्या नावातच तो आहे. तो काढून टाकावा असं मला वाटत नाही. तो ऐकताना डोळ्यांपुढे दृष्टिहीन माणूस येत नाही, गंडेदोरे येतात, अंगारे-धुपारे येतात. शब्द इतका रुळला की त्याचा मूळ माणसाशी संबंध सुटला. 'पांगळं सरकार' म्हटलं की मात्र अजूनही कुबडी दिसते, आणि ती कुणाच्या तरी काखेतली खरी कुबडी असते.

मराठीला शब्दांची वानवा नाही. कारभाराला ढिम्म म्हणा, मुर्दाड म्हणा, निगरगट्ट म्हणा. सबबीला तकलादू म्हणा.