खडकवासल्याची तयारी आठवीपासून



मुर्धा गावच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, मसाल्यांची आणि पापडांची विक्री यांवर बोलतो. आज मुलींबद्दल बोलायचंय. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा, दोन-चार गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत.

बैठकीत हिशेब संपला की आजकाल कुणी ना कुणी म्हणतंच, “आमची पोर म्हणते, मला सैन्यात ऑफिसर व्हायचंय. बारावीला गेली की बघू.” आम्हाला आज एवढंच सांगायचंय, की बारावीला गेल्यावर बघायला उशीर होतो. ती आठवीत असते तेव्हाच बघायला लागतं. का, ते सांगतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. सगळे तिला एनडीए म्हणतात. 1949 साली तिची पायाभरणी झाली. बारावीनंतर तिथे तीन वर्षं शिकायचं, मग आपापल्या दलाच्या अकादमीत पुढचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि भूदलात, नौदलात किंवा हवाई दलात अधिकारी व्हायचं. एवढी वर्षं तिथे फक्त मुलगे जायचे. डॉक्टर आणि नर्स सोडून इतर कामांसाठी मुली 1992 पासून अधिकारी होऊ लागल्या, पण त्या पदवी घेतल्यावर, दुसऱ्या परीक्षेतून.

18 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलींनाही एनडीएच्या परीक्षेला बसू द्या. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला मुली पहिल्यांदा ही परीक्षा द्यायला बसल्या. त्या परीक्षेत 400 जागा होत्या, त्यात मुलींसाठी 19. ती पहिली तुकडी 2022 साली खडकवासल्याला गेली, आणि 30 मे 2025 रोजी त्यातल्या 17 मुली मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. मुलींच्या जागा मुलांपेक्षा फार कमी आहेत, हे आम्ही लपवून ठेवत नाही. म्हणूनच तयारी लवकर हवी.

आता परीक्षा कशी असते ते बघू. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. बारावीत शिकत असलेली मुलगी अर्ज करू शकते, अकरावीतली नाही. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलगी अविवाहित असावी लागते. अर्जाची फी 100 रुपये आहे, पण मुलींना ती माफ आहे. लेखी परीक्षा 900 गुणांची. त्यात गणिताचे 300 आणि सामान्य क्षमतेच्या पेपरचे 600. या 600 मध्ये 200 गुण इंग्रजीचे, बाकीचे विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी यांचे. उत्तर चुकलं तर गुण कापले जातात. पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो.

लेखी पास झालं की निवड मंडळापुढे जायचं. त्याला एसएसबी म्हणतात. त्याचेही 900 गुण. तिथे पाच दिवस राहायचं असतं. चित्र बघून गोष्ट लिहायला सांगतात, गटात चर्चा करायला लावतात, फळ्या-दोर देऊन अडथळा पार करायला लावतात, मुलाखत घेतात. पाठांतर तिथे कामाला येत नाही. मुलगी चारचौघांत बोलते का, दुसऱ्याचं ऐकते का, अडचण आली तर रडत बसते की वाट काढते, हे बघतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी.

आता सांगा मैत्रिणींनो, यातलं बारावीच्या एका वर्षात काय काय होणार?

पहिलं गणित. भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. पण गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यायचा असतो आणि तो अकरावी-बारावीच्या गणितावर असतो. हवाई दल आणि नौदलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. आपल्याकडे होतं काय? दहावीला गणिताची भीती बसलेली असते. अकरावीचा फॉर्म भरताना मुलगी म्हणते, गणित नको, आणि आपण म्हणतो, बरं, नको तर नको. पुढची वाट तिथेच बंद होते आणि आपल्याला त्याची खबरही नसते. ही भीती साधारण सातवी-आठवीतल्या अपूर्णांकांपासून आणि बीजगणितापासून बसते. म्हणून आठवीतच शाळेत जाऊन गणिताच्या बाईंना विचारा, माझी मुलगी कुठे अडते? आपल्याला स्वतःला ते गणित येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो.

दुसरं इंग्रजी. आपल्या बऱ्याच मुली मराठी माध्यमात शिकतात. त्यात कमीपणा काही नाही. पण गणितातले आणि विज्ञानातले शब्द दोन्ही भाषांत माहीत हवेत. त्रिकोणमिती म्हणजे ट्रिगोनोमेट्री, वेग म्हणजे व्हेलॉसिटी. एक वही करायची, रोज पाच शब्द. आठवी ते दहावी तीन वर्षांत पाच हजार शब्द होतात. रात्री बातम्या लागल्या की मालिका अर्धा तास थांबू दे. मुलीला विचारा, आज काय झालं, तुला काय वाटतं? पाच दिवसांच्या त्या निवडीत जे मोकळं बोलणं लागतं, त्याचा सराव घरातच होतो. ज्या घरात मुलीला “तू गप्प बस” असं ऐकावं लागतं, तिथली मुलगी गटचर्चेत एकदम कशी बोलेल?

तिसरं शरीर. अकादमीत जाण्याआधी 2.4 किलोमीटर धावण्याचा सराव असावा, असं सांगितलेलं असतं. मुलींची उंची साधारण किमान 152 सेंटिमीटर लागते, विमान चालवायचं असेल तर जास्त. उंची आपल्या हातात नाही, पण हिमोग्लोबिन आहे, दात आहेत, डोळे आहेत. दातांना तपासणीत गुण देतात आणि किमान 14 लागतात, म्हणून किडलेला दात लहान वयातच दाखवा आणि घरातली मिश्री मुलीच्या हाती देऊ नका. गोंदणाचेही नियम आहेत. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं, इतर ठिकाणी अडचण येते. जत्रेत हौसेनं गोंदवून घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

धावायचं कुठे, हा आपला खरा प्रश्न. उत्तनच्या रस्त्याला गाड्या असतात, अंधारात मुलींना एकटं पाठवायला जीव धजत नाही. यावर आमचं म्हणणं असं, की आपल्यालाही चालायला सांगितलेलंच असतं, कुणाला साखरेसाठी, कुणाला गुडघ्यांसाठी. गटातल्या दोन-दोन बायकांनी पाळी लावून पहाटे चालायला निघायचं आणि मुलींनी आपल्या नजरेसमोर पळायचं. यात पैसे लागत नाहीत.

चौथं कागद. यात आपण बचत गटाच्या बायका हुशार आहोत. या परीक्षेत जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. म्हणून दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधीच शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि आधार कार्ड एकमेकांशी जुळवून घ्या. एका अक्षराचा फरक पुढे महिनोन्महिने फिरायला लावतो. रहिवासी दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवा.

आता मदत कुठे मिळते? महाराष्ट्र सरकारने मुलांसाठी 1977 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर मुलांना निवडून घेऊन अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी तिथे करून घेतात. तशीच मुलींची संस्था 2023 साली नाशिकला सुरू झाली. पहिल्या तुकडीत 30 जागा होत्या. दहावीच्या वर्षातच तिची जाहिरात येते, लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. प्रश्न आठवी ते दहावीच्या गणितावर आणि सामान्य ज्ञानावर असतात. आठवी-आठवी आम्ही का म्हणतोय, ते आता कळलं असेल. मुलगी दहावीत गेली, की दिवाळीपासूनच या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

मुलगी त्याहून लहान असेल तर सैनिकी शाळा आहेत. देशातली पहिली सैनिकी शाळा आपल्या साताऱ्यात, 1961 सालची. दुसरी चंद्रपूरला आहे. सहावीत आणि नववीत प्रवेश परीक्षेने घेतात, आणि आता मुलींनाही घेतात. पुण्याजवळ पिरंगुटकडे खास मुलींची राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळाही आहे. पुढे एसएसबीचं बोलावणं आलं, तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सरकार राहण्या-जेवणासकट मोफत तयारी करून घेतं. चौकशी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश हे सगळं सरकार करतं. खिशाचा खर्च आणि प्रवेशाच्या वेळची काही रक्कम तेवढी पालकांची. मग कर्ज कशाचं होतं? खासगी अकादम्यांचं. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी सोनं ठेवून एका ठिकाणी पैसे भरले, कारण पाटीवर लिहिलं होतं “हमखास निवड”. तिथे मुलींना सकाळी कवायत करायला लावत, गणिताला मात्र शिक्षकच टिकत नव्हता. सगळेच क्लास असे नसतात. पण ही निवड आयोग करतो आणि निवड मंडळ करतं, तिची हमी दुसरं कुणी देऊ शकत नाही. पैसे भरण्याआधी विचारा, गणित कोण शिकवतं, आठवड्याला किती तास, मधेच सोडलं तर किती पैसे परत? उत्तर लेखी मागा. गटाचं कर्ज यासाठी मागायला कुणी आलं, तर आम्ही आधी हे तीन प्रश्न विचारतो.

आता मनातलं बोलू. आईला भीती वाटते. वाटणारच. आपल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट 2018 मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात शहीद झाले. साऱ्या शहराने तो दिवस पाहिलाय. त्यांच्या पत्नी कनिका राणे त्यानंतर स्वतः चेन्नईच्या अकादमीत गेल्या आणि 2020 साली सैन्यात अधिकारी झाल्या. पदरी लहान मूल असताना. सैन्य म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. भीती वाटू नये असं आम्ही म्हणत नाही. भीतीपोटी मुलीला न सांगता तिची वाट बंद करू नका, एवढंच म्हणतो. तिच्याशी बोला, मग दोघी मिळून ठरवा.

आणि वाट बंद होते ती बहुतेक वेळा नकारानं होतच नाही. ती रोजच्या कामानं होते. भाऊ क्लासला जातो, ही पाणी भरते. परीक्षा जवळ आली की मावशीकडे हळद असते, मदतीला हिलाच पाठवतात. अठरावं लागलं की स्थळं येतात, आणि लग्न झालं की हा अर्जच करता येत नाही. आमच्या गटांनी एक ठराव केलाय. आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलीला संध्याकाळी सात ते नऊ काम सांगायचं नाही. कुणाच्याही घरी. भाकऱ्या मुलाने थापल्या तरी गोल होतात. बैठकीत हजेरीबरोबर हेही विचारलं जातं.

शेवटी, निवड नाही झाली तर? वयात बसेपर्यंत परीक्षा पुन्हा देता येते. पदवीनंतर दुसऱ्या परीक्षा आहेतच. आणि तिला आलेलं गणित, जमलेलं इंग्रजी, कमावलेलं शरीर कुणी परत मागत नाही. पोलीस भरती असो, बँक असो, इंजिनीअरिंग असो, ते तिच्याबरोबर जाईल.

तर या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गटात आठवी ते दहावीत किती मुली आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीचं आधार आणि शाळेतली नोंद जुळते का, ते बघा. आणि पहाटेच्या चालण्याची पाळी लावा. मुलींना विचारायला विसरू नका, त्यांना काय व्हायचंय. कदाचित ती म्हणेल, मला नाही जायचं सैन्यात. मग तेही ऐकायचं.