सुटकेचे मोल कुळाने का भरावे?
(फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फ्रान्स देशाच्या राज्यक्रांतीचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे. बास्तीचा तुरुंग फोडला, राजाचे डोके उडविले आणि शेवटी नेपोलियन बादशहा झाला, इतकी हकीकत शाळेच्या पुस्तकात असते. आम्ही आज जो भाग सांगणार आहोत तो त्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतात. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री उमरावांनी व धर्मगुरूंनी भर सभेत आपले जन्माचे हक्क सोडले, असे त्या दोन ओळी सांगतात. हक्क सोडले हे खरे. परंतु शेतकरी त्या हक्कांच्या कचाट्यातून पुरता सुटला तो १७ जुलै १७९३ च्या कायद्याने. मधली चार वर्षे काय चालले होते, हा आमचा आजचा विषय आहे.

प्रथम त्या वेळची स्थिती पाहू. फ्रान्सात तेव्हा सुमारे पावणेतीन कोटी लोक होते. कायद्याने त्यांचे तीन वर्ग पाडलेले. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा आणि तिसरा बाकीच्या सर्वांचा. पहिले दोन वर्ग मिळून शेकडा दोन भरणेही कठीण. तथापि मानाची स्थाने, मोठ्या नेमणुका आणि करांची माफी बहुतेक त्यांच्याच घरी. देशातील जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा धर्मसंस्थेच्या नावावर होता, आणि शिवाय प्रत्येकाच्या पिकातून ती 'दशांश' उचलीत असे.

गावातला शेतकरी सरकारचा सारा भरी, धर्माचा दशांश देई, आणि त्याउपर गढीवाल्या जहागीरदाराचे देणे देई. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली तरी त्या जहागीरदाराला दरसाल पैसा किंवा धान्य दिलेच पाहिजे. ती विकली तर त्यातही त्याचा हिस्सा. दळण त्याच्याच चक्कीवर, भाकर त्याच्याच भट्टीत, द्राक्षे त्याच्याच घाण्यात, आणि प्रत्येक ठिकाणी मोबदला. त्याची कबुतरे पेरलेले बी टिपून जात, त्याच्या शिकारीचे जनावर उभे पीक तुडवी. शेतकऱ्याने हात उचलावयाचा नाही. तक्रार करावी तर न्यायाचे आसनही बहुधा जहागीरदाराच्याच माणसाकडे. ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची त्याच्याच ओटीवर दाद!

अशा स्थितीत राज्याची तिजोरी रिकामी झाली, आणि सोळाव्या लुई राजाने १६१४ नंतर प्रथमच तिन्ही वर्गांची सभा बोलाविली. ती ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे भरली. त्याआधी जानेवारीत सिएस नावाच्या एका धर्मगुरूने तिसऱ्या वर्गावर एक लहान पुस्तक लिहून देशभर खळबळ उडविली होती. त्याचा मुद्दा सरळ होता. शेती, कारागिरी, व्यापार आणि राज्याच्या नोकरीतली कष्टाची कामे हे सारे जो वर्ग करतो, तोच राष्ट्र होय. जन्माच्या हक्कावर जगणारा वर्ग राष्ट्राच्या बाहेरचा होय. १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केले, तेव्हा त्या सूचनेचा पुढारी हाच सिएस होता.

१४ जुलैला पॅरिसात बास्तीचा किल्ला पडला. त्यात कैदी अवघे सात निघाले. त्या बातमीपाठोपाठ खेड्यांतून अशी आवई उठली, की उमरावांनी लुटारू पोसले आहेत आणि ते उभी पिके कापून नेणार आहेत. शेतकरी कोयते, काठ्या घेऊन जमले. लुटारू कोठेच दिसेनात. तेव्हा अनेक ठिकाणी मोर्चा गढीकडे वळला. तेथे त्यांनी काय मागितले? पुष्कळ ठिकाणी त्यांनी दप्तर मागितले. कोणाच्या आजाने काय कबूल केले आणि कोणाच्या नातवाने काय द्यावे, हे ज्या वह्यांत लिहिले होते त्या वह्या त्यांनी अंगणात आणून जाळल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या लोकांना आपली बेडी कोठे ठेवली आहे, हे नेमके ठाऊक होते.

या आगीची आच व्हर्सायच्या सभेला लागली, आणि मग ती ४ ऑगस्टची रात्र आली. व्हिकोम्त द नोआय हा धाकट्या पातीचा, फारशी मालमत्ता नसलेला उमराव प्रथम बोलला. त्याच्यामागून ड्यूक देग्वियों बोलला, आणि हा तर देशातल्या मोठ्या जमीनदारांपैकी एक. ब्रिटनी प्रांतातला लग्वें द केरांगाल नावाचा कापडाचा व्यापारी शेतकऱ्याच्या वेषात उभा राहिला. माणसांना जनावरांप्रमाणे गाडीला जुंपण्याचे आणि धन्याची झोप बेडकांनी मोडू नये म्हणून रात्रभर तळी बडवीत बसण्याचे हक्क ज्या कागदांत लिहिले आहेत, ते कागद येथे आणा, असे त्याने सुनावले. मग सभेला भरतेच आले. कोणी शिकारीचा हक्क सोडला, कोणी न्यायासनाचा, कोणी आपल्या शहराच्या सवलती सोडल्या. पहाटे दोनच्या सुमारास सभा उठली तेव्हा लोक एकमेकांना मिठ्या मारीत होते.

मंडळी, त्या रात्रीचे मोल आम्ही कमी करीत नाही. जन्माने श्रेष्ठ म्हणविणाऱ्यांनी आपल्या तोंडाने जन्माचा हक्क नाकारला, ही जगाच्या इतिहासात थोर गोष्ट आहे. परंतु टाळ्या वाजत असतानाच एक शब्द हळूच ठरावात शिरला होता. नोआय व देग्वियों या दोघांच्याही सूचनेत तो होता. तो शब्द म्हणजे 'मोबदला'.

ठराव ११ ऑगस्टपर्यंत लिहून पुरा झाला. पहिल्या वाक्यात सभेने सरंजामी पद्धत समूळ नष्ट केल्याचे जाहीर केले. पुढच्या वाक्यात दोन भाग पाडले. वेठ व शरीराची गुलामी यांसारखे हक्क फुकट रद्द. जमिनीवरची देणी मात्र शेतकऱ्याने पैसे भरून सोडवून घ्यावयाची. ती सोडवून घेईपर्यंत पूर्वीप्रमाणे भरीत राहावयाची! दर पुढे मे १७९० मध्ये ठरला: पैशाच्या देण्याला वार्षिक रकमेच्या वीसपट, धान्याच्या देण्याला पंचवीसपट. ज्याच्या घरी पुढच्या पेरणीचे बी उरत नाही, त्याने एकदम वीस वर्षांचे देणे कोठून आणावे?

आणखी एक मेख होती. मार्च १७९० च्या कायद्याने जमिनीवरचे देणे मुळात रास्तच असे गृहीत धरले. ते अन्यायाचे आहे असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने पुरावा द्यावा! पुरावा कोणाच्या कपाटात? जहागीरदाराच्या. लुटलेल्याने लुटीची पावती दाखवावी, असा हा न्याय होता.

दशांशाचीही गोष्ट ऐका. तो मोबदल्याशिवाय रद्द करण्याचा प्रश्न सभेपुढे आला तेव्हा विरोधास कोण उभा राहिला? तोच सिएस! तिसऱ्या वर्गाचा कैवार घेऊन पुस्तक लिहिणाऱ्याला स्वतःच्या वर्गाचे उत्पन्न बुडू लागताच मोबदल्याची आठवण झाली. सभेने त्याचे ऐकले नाही आणि दशांश फुकट रद्द केला. पण पुढे सभेनेच जमीनमालकांना दशांशाइतकी रक्कम कुळाच्या खंडात वाढविण्याची मुभा दिली. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन त्याचा दशांश सुटला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने धर्मगुरूऐवजी मालकाला दिला.

मताच्या हक्काचेही असेच झाले. २६ ऑगस्ट १७८९ रोजी सर्व माणसे हक्कांनी समान असल्याचा जाहीरनामा निघाला, आणि त्याच वर्षअखेर नागरिकांचे दोन प्रकार पडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरील, पंचवीस वर्षांचा असेल आणि कोणाच्या घरी चाकर नसेल, अशाच पुरुषाला मत. या भेदाची कल्पनाही सिएसचीच. ग्रेग्वार नावाचा धर्मगुरू आणि रोबेस्पियेर नावाचा वकील अशा थोड्यांनी पैशाच्या अटीविरुद्ध आवाज उठविला. स्त्रियांना तर कर भरूनही मत नव्हते. ओलँप द गूज हिने १७९१ त स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा राजकीय मतांसाठी शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले.

मग शेतकरी सुटला कसा? त्याने पैसे भरले नाहीत म्हणून सुटला. पहिल्या वाक्यात पद्धत नष्ट झाली आहे ना, मग दुसरे वाक्य आम्हांस ठाऊक नाही, असे म्हणून गावेच्या गावे हटून बसली. १७९० पासून प्रांतोप्रांती बंडाळ्या झाल्या, शिपाई पाठविले गेले, तरी वसुली होईना. १० ऑगस्ट १७९२ ला राजसत्ता कोसळली आणि २५ ऑगस्टला कायदा उलटा फिरला: देणे मागणाऱ्यानेच मूळ खत दाखवावे, नाहीतर देणे रद्द. शेवटी १७ जुलै १७९३ रोजी उरलेली सारी सरंजामी देणी एका पैशाच्याही मोबदल्याशिवाय रद्द झाली, आणि त्यांची खतपत्रे जाळून टाकावी असा हुकूम झाला. जे काम शेतकऱ्यांनी चार वर्षांपूर्वी गढीच्या अंगणात आरंभले होते, तेच आता कायद्याने सांगितले.

त्या काळात जी डोकी उडविली गेली त्यांची थोरवी आम्ही गात नाही. फाशीच्या चौथऱ्यावर गरीब माणसेही पुष्कळ गेली. शेतकऱ्याचे देणे सुटले ते त्याच्या नकाराने, हे मात्र ध्यानात ठेवावे.

हा मोबदल्याचा हिशेब फ्रान्सच्या शेतांपुरता राहिला नाही. सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवरचे गुलाम ऑगस्ट १७९१ मध्ये उठले. त्यांच्या लढ्यामुळे ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या सभेला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ त ती परत आणू पाहिली. गुलामीत जन्मलेला सेनापती तूसाँ लूव्हर्त्यूर याला पकडून फ्रान्सात नेले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी तो थंड तुरुंगात वारला. पण त्याचे लोक हटले नाहीत. १ जानेवारी १८०४ रोजी तो देश हैती नावाने स्वतंत्र झाला.

आता १८२५ चा एप्रिल महिना पाहा. राजघराणे पुन्हा गादीवर आलेले. त्या एका महिन्यात दहाव्या शार्ल राजाच्या राज्यात दोन गोष्टी घडल्या. क्रांतीत पळून गेलेल्या उमरावांच्या जप्त जमिनींबद्दल त्यांना भरपाई देण्याचा कायदा झाला. तो 'अब्जाची भरपाई' म्हणून गाजला. आणि हैतीला फर्मान गेले, की तुमचे स्वातंत्र्य आम्ही मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचे नुकसान म्हणून पंधरा कोटी फ्रँक द्या. फर्मान लढाऊ जहाजांबरोबर पाठविले होते. पहिल्या हप्त्यासाठीच हैतीला फ्रान्सच्याच सावकारांचे कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली, तरी मानेवरचे जोखड उतरले नाही. उरलेल्या फ्रेंच वसाहतींतले सुमारे अडीच लाख गुलाम २७ एप्रिल १८४८ च्या हुकुमाने सुटले, तेव्हाही भरपाई मिळाली ती मालकांना. पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी ज्यांची बुडाली, त्यांच्या हाती छदामही पडला नाही.

आणि सिएस? नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियनला सत्तेवर आणण्याच्या कटात तो पुढे होता, आणि १८०८ मध्ये त्याच नेपोलियनने त्याला काउंट केले. जन्माच्या मानाविरुद्ध ज्याने लेखणी उचलली तो म्हातारपणी मानकरी होऊन बसला. त्याचे पुस्तक त्यामुळे खोटे ठरत नाही. पुस्तक ज्यांच्यासाठी होते त्यांनी ते लेखकापेक्षा अधिक खरे केले, इतकेच.

या इतिहासाचा आमच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. फ्रान्सच्या क्रांतीचा कैवार घेऊन टॉमस पेन याने मनुष्याच्या हक्कांवर ग्रंथ लिहिला. तो स्वतः फ्रान्सच्या सभेचा सभासद होता, राजाला ठार मारू नका असे त्याने सभेला सांगितले, आणि पुढे तुरुंगातही गेला. तोच ग्रंथ पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचला. पुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचाच दाखला पुढे ठेवला होता. आणि त्याच दिवशी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले.

तेव्हा बंधुभगिनींनो, कोणी मोठ्या मनाने आपला हक्क सोडतो म्हणाला तर त्याचे आभार जरूर माना. पण ठराव शेवटच्या कलमापर्यंत वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. त्यात मोबदला कोणी कोणाला द्यावयाचा आहे आणि पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर आहे, हे विचारा. फ्रान्सच्या शेतकऱ्याने विचारले, चार वर्षे विचारीत राहिला, म्हणून तो सुटला. हैतीच्या लोकांनी रणात जिंकलेले स्वातंत्र्य पैशाने पुन्हा विकत घ्यावे लागले. ज्याने अन्याय सोसला त्यानेच सुटकेचे मोल भरावे, हा व्यवहार जगात कोठेही होवो, त्याला न्याय म्हणावयाचे नाही, एवढे पक्के मनाशी बांधून आपण घरी जावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.