दुर्बल हृदय आणि श्वासाचें माप

तुळजापूरची वाट पुष्कळ डोंगरी देवस्थानांच्या उलट आहे. बालाघाटाच्या कुशींतील या देवळांत भक्त पायऱ्या उतरून जातो. कल्लोळतीर्थ, गोमुखतीर्थ हीं वाटेंतच लागतात. खरी परीक्षा परतीच्या चढणीची. ज्याचें हृदय दुर्बल झालें आहे तो उतरतांना हंसतबोलत असतो आणि चढतांना चार पायऱ्यांवर थबकतो. घरचीं माणसें बहुधा त्याचें खापर वयावर फोडतात.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणें नव्हे. रक्त पुरेसें लोटण्याची त्याची शक्ति क्षीण होणें होय. ध्वनिलहरींनीं घेतलेलें हृदयाचें चित्र निजलेल्या रुग्णाचें असतें. दोघांचीं चित्रें सारखीं असूनही एक बाजारहाट करतो आणि दुसऱ्यास सदरा घालतांना धाप लागते. म्हणून रुग्णास एका जागीं खिळलेल्या सायकलीवर किंवा फिरत्या पट्ट्यावर श्रम करावयास लावतात, तोंडावर मुखवटा बसवितात आणि भार हळूहळू वाढवितात. आठदहा मिनिटांत तो थकतो. तेवढ्या वेळांत प्राणवायु किती घेतला व कार्बन डायॉक्साइड किती सोडला, याचा हिशेब यंत्र श्वासागणिक मांडतें. प्राणवायु स्नायूंपर्यंत नेणारें रक्त हृदयच लोटतें. तेव्हां हा हिशेब फार अंशीं हृदयाचाच.

त्यावर काय अवलंबून आहे? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ सालीं हृदयरोपण केलें, पण रुग्ण कांहीं तासच जगला. भारतांत यश आलें तें १९९४ सालीं, दिल्लीस डॉ. वेणुगोपाळ यांच्या हातून. आतां शस्त्रक्रिया साध्य आहे, पण दानांत मिळणारीं हृदयें थोडीं. मग कोणीं थांबावें? फिलाडेल्फियाच्या डोना मॅन्सिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं ११४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. वजनाच्या दर किलोग्रॅममागें मिनिटास १४ मिलिलिटरांहून अधिक प्राणवायु घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९४ रुग्ण वर्षानंतर हयात होते. त्यांचें रोपण लांबविणें निर्धोक ठरलें. बीटा ब्लॉकर औषधें घेणाऱ्यांसाठीं पुढें ही मर्यादा १२ धरण्यांत आली.

आंकड्यास मात्र फसूं नये. गुडघेदुखीचा, रक्त कमी असलेला, किंवा नुसता भ्यालेला रुग्णही लवकर थांबतो. त्यानें खरा जोर लावला कीं नाहीं, हें सोडलेल्या व घेतलेल्या वायूंच्या प्रमाणावरून ताडतात, तें १.१ च्या आसपास पोंचलें नसेल तर कमी मापावर विसंबत नाहींत.

जेथें असें यंत्र नाहीं, तेथें तीस मीटरांची मोकळी पडवी आणि घड्याळ घेऊन डॉक्टर रुग्णास सहा मिनिटें चालवितात. ३०० मीटरही न झाले, तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिण्यास उशीर करीत नाहींत.